बंद केलं तरी ‘बिझी’च: दोन प्रोग्रामांत अडकलेला फाइल डिस्क्रिप्टर कसा शोधायचा, कसा सोडवायचा

उघडलेली फाइल किंवा जोडणी प्रोग्राम ज्या छोट्या आकड्याने ओळखतो तो फाइल डिस्क्रिप्टर. खाली कमांड आणि फ्लॅगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायची. उदाहरणं मोंढ्यातल्या किंवा साखर कारखान्यावरच्या वजनकाट्याच्या लिनक्स मशीनची घेतली आहेत, कारण मराठवाड्यात हा बिघाड तिथे हमखास भेटतो. सिरियल केबलवरून येणारं वजन, पावतीचा प्रोग्राम, बाहेरचा मोठा डिस्प्ले आणि रात्रीचा बॅकअप एवढं सगळं एकाच जुन्या डेस्कटॉपवर चालत असतं. वेब सर्व्हर किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनलाही हेच लागू पडतं.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला, तर ‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं. चालू प्रोग्रामांच्या (पीएसच्या) यादीत मात्र जुना प्रोग्राम कुठेच नाही.

मोठी लॉग फाइल डिलीट केली तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) अजून ९८ टक्केच दाखवतं. डीयू लावून फाइलींची बेरीज केली तर तेवढा डेटाच सापडत नाही.

रात्रीचं क्रॉनचं (ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणारं) काम ‘आधीच चालू आहे’ म्हणून बाहेर पडतं, आणि तसं काही चालू नसतं.

पाइपच्या, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीच्या, शेवटी बसलेला प्रोग्राम संपायलाच तयार नसतो. वरचा प्रोग्राम कधीच संपलाय, हा मात्र वाट बघतोय.

काट्याचं वजन मधेच अर्धवट येतं. इंडिकेटरवर १८४६० आणि पावतीवर १८४०. हे सगळ्यात वाईट, कारण १८४० हाही दिसायला सरळ आकडा आहे आणि गर्दीत तो कोणाच्या डोळ्यात येत नाही.

लाइट जाऊन आली की टीटीवाययूएसबी० (यूएसबी-सिरियल केबलचं लिनक्समधलं नाव) गायब आणि त्याच केबलचं टीटीवाययूएसबी१ झालेलं.

एका प्रोग्रामने दुसऱ्याला उघडी फाइल द्यायची होती, पण घेणाऱ्याला ‘बॅड फाइल डिस्क्रिप्टर’ मिळतं. किंवा त्याहून वाईट, भलतीच फाइल वाचली जाते.

वरवर ही सात दुखणी वेगळी दिसतात, पण मूळ एकच: उघडी फाइल, सॉकेट (प्रोग्रामांमधल्या किंवा नेटवर्कच्या जोडणीचं टोक) किंवा पोर्ट तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त प्रोग्रामांच्या हातात आहे. किंवा द्यायचा होता तो हात रिकामाच राहिलाय.

आत काय घडतं

एवढं समजलं की पुढच्या तपासण्या पाठ करायची गरज उरत नाही.

डिस्क्रिप्टर म्हणजे नुसता एक छोटा आकडा. ०, १ आणि २ हे इनपुट, आउटपुट आणि एररचे; पुढची फाइल उघडली की सगळ्यात लहान मोकळा आकडा मिळतो. हा आकडा त्या एका प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, तक्त्यातला. खरी उघडी फाइल कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असते आणि तक्त्यातली ओळ फक्त तिच्याकडे बोट दाखवते. वाचन-लेखन कुठपर्यंत आलंय ती जागा, म्हणजे ऑफसेट, आणि नॉन-ब्लॉकिंग (डेटा नसेल तर थांबायचं नाही), अपेंड (नेहमी शेवटी लिहायचं) असे फ्लॅग कर्नलमधल्या त्या नोंदीवर असतात. तक्त्यातल्या ओळीवर नसतात.

फोर्क केलं, म्हणजे प्रोसेसने (पालकाने) स्वतःची नक्कल (मूल) तयार केली, की तक्त्याचीही नक्कल होते, पण बोटं त्याच नोंदींकडे राहतात. एक्झेक करून दुसराच प्रोग्राम चढवला तरी ती टिकतात. फक्त ज्या ओळीवर क्लोज-ऑन-एक्झेक लावलंय तेवढीच बंद होते. युनिक्स सॉकेटवरून डिस्क्रिप्टर पाठवला तरी हेच: घेणाऱ्याच्या तक्त्यात नवा आकडा येतो, मागची नोंद तीच. भावाभावांच्या सामाईक विहिरीसारखं आहे. मोटारी वेगळ्या, पाणी एकच. एकाने मोटार बंद केली म्हणून विहीर बंद होत नाही, आणि एकाने उपसलेलं पाणी दुसऱ्याला मिळत नाही.

याउलट दोन प्रोग्रामांनी तीच फाइल आपापली ओपन करून उघडली तर नोंदी दोन, ऑफसेटही दोन. ‘वारशाने आलेला डिस्क्रिप्टर’ आणि ‘वेगळा उघडलेला डिस्क्रिप्टर’ यांतला फरक प्रत्येक पायरीवर लागणार आहे.

तपासणी १: धरून कोण बसलंय?

फुकटची, एका मिनिटाची तपासणी. आधी हीच, आणि सुडो लावूनच, म्हणजे रूटच्या (मुख्य युजरच्या) अधिकाराने. सुडोशिवाय दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचे डिस्क्रिप्टर दिसत नाहीत, यादी रिकामी येते आणि माणूस चुकीच्या वाटेला लागतो.

सिरियल पोर्टसाठी: सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/टीटीवाययूएसबी०
नेटवर्क पोर्टसाठी: सुडो एसएस -एलटीएनपी
कोणत्याही फाइलसाठी: सुडो एलएसओएफ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता

एसएसच्या शेवटच्या रकान्यात तुमच्या पोर्टसमोर भलत्याच प्रोग्रामचं नाव दिसलं, समजा प्रिंटर हाताळणारी स्क्रिप्ट किंवा बॅकअप, तर निदान झालं. मुख्य प्रोग्रामने ती स्क्रिप्ट सुरू केली तेव्हा ऐकणारं सॉकेट तिला वारशाने गेलं. मुख्य प्रोग्राम मेला, स्क्रिप्ट जिवंत आहे, म्हणून पोर्ट अडकलाय. तात्पुरता इलाज म्हणजे ती स्क्रिप्ट बंद करणं. कायमचा तपासणी ५ मध्ये.

सिस्टिमडीवर (लिनक्सच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) चालणाऱ्या सर्व्हिसमध्ये हे होत असेल तर युनिट फाइलमध्ये किलमोड बघा. मूळ सेटिंग कंट्रोल-ग्रुप आहे, त्यात सर्व्हिस थांबवताना तिची पिलावळही मरते. कोणीतरी ते बदलून प्रोसेस केलेलं असेल तर फक्त मुख्य प्रोसेस मरते आणि मुलं सॉकेट घेऊन मागे राहतात.

एसएस -एलटीएनपीमध्ये पोर्ट दिसतच नसेल तर एसएस -टीएएन लावा. टाइम-वेट (बंद झालेली, पण कर्नलने थोडा वेळ राखून ठेवलेली) अवस्थेतली जोडणी दिसली तर डिस्क्रिप्टरचा दोष नाही. लिनक्सवर ती ६० सेकंदांत आपोआप जाते, आणि प्रोग्रामने बाइंड करण्याआधी, म्हणजे पोर्ट ताब्यात घेण्याआधी, एसओ_रीयूजअॅडर लावलं की तेवढंही थांबावं लागत नाही.

सिरियल पोर्टच्या बाबतीत दोन ओळखीचे संशयित आहेत. मोडेममॅनेजर हा यूएसबी सिरियल उपकरण मोडेम आहे का हे बघायला त्यावर कमांड पाठवतो. काट्याच्या मशीनला इंटरनेट डोंगल नसेल तर तो बंद करून टाका. दुसरा ब्रेलटीटीवाय. सीएच३४० चिपची स्वस्त केबल तो ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेतो आणि टीटीवाययूएसबी० उगवल्या उगवल्या मावळतं. उबुंटू २२.०४ वर हे फार झालं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ब्रेलटीटीवायचं नाव दिसतं. मशीनवर ब्रेल डिस्प्ले वापरणारं कोणी नाही याची खात्री करा, मगच ते पॅकेज काढा.

तपासणी २: वारसा की वेगळं उघडलेलं?

दोन प्रोसेस सापडल्या. आता /प्रॉक/पीआयडी/एफडी या फोल्डरवर (पीआयडीच्या जागी त्या प्रोसेसचा क्रमांक) एलएस -एल लावा. सॉकेट आणि पाइपसमोर चौकटी कंसात एक क्रमांक येतो, उदाहरणार्थ सॉकेट:[४८२१३]. तोच क्रमांक दोन्ही प्रोसेसमध्ये दिसला तर सॉकेट नक्की सामाईक आहे, कारण सॉकेट पत्त्यावरून पुन्हा उघडता येत नाही. /प्रॉकमधून उघडायला गेलं तर एरर येते.

साध्या फाइलला हा नियम चालत नाही. पत्ता सारखा असून नोंदी वेगळ्या असू शकतात. तिथे /प्रॉक/पीआयडी/एफडीइन्फो/ मध्ये त्या आकड्याची फाइल दोन्हीकडे वाचा. पॉस म्हणजे ऑफसेट. एका प्रोग्रामने लिहिल्यावर दोन्हीकडचा पॉस एकदम पुढे सरकत असेल तर वारसा. एकीकडेच सरकत असेल तर वेगळं उघडलेलं.

हे का बघायचं? कारण इलाज उलटे आहेत. दोन प्रोग्रामांनी एकच लॉग वेगवेगळा उघडला आणि अपेंड लावलं नाही, तर दोघं एकमेकांच्या ओळींवर लिहितात आणि अर्धा लॉग जातो. तिथे दोघांनीही ओ_अपेंडने उघडायचं. वारसा असेल तर ऑफसेट एकच असल्यामुळे ओळी पुसल्या जात नाहीत. तिथे प्रश्न बंद न होण्याचा असतो.

तपासणी ३: क्रॉन आणि शेल स्क्रिप्ट

प्रोग्रामच्या कोडला हात लावण्याआधी स्क्रिप्ट बघा. निम्म्याहून जास्त वेळा आजार इथेच सापडतो, आणि दुरुस्ती चार अक्षरांची असते.

ठरलेला साचा असा: स्क्रिप्ट एक्झेक ९>/रन/काटा.लॉक करते, म्हणजे ती फाइल ९ नंबरवर उघडते, मग एफलॉक -एन ९ ने कुलूप लावते, काम करते, आणि शेवटी एखादा डीमन (सतत चालणारा प्रोग्राम) पार्श्वभूमीला सोडून संपते. एफलॉकचं कुलूप प्रोसेसवर नसतं, कर्नलमधल्या उघड्या फाइलच्या नोंदीवर असतं. डीमनला ९ नंबर वारशाने मिळाला, म्हणून स्क्रिप्ट संपली तरी कुलूप तसंच. पुढच्या रात्री क्रॉन म्हणतं, आधीच चालू आहे.

दुरुस्ती: डीमन सुरू करणाऱ्या ओळीच्या शेवटी, & च्या आधी, ९>&- जोडा. म्हणजे त्या मुलासाठी ९ नंबर बंद. एफलॉक पुढे कमांड देऊन वापरत असाल तर -ओ हा पर्याय तेच काम करतो.

यावर बहुतेक ठिकाणी दिसणारा ‘इलाज’ म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लॉक फाइल आरएम करणं. तो कधीही करू नका. जुना प्रोग्राम डिलीट झालेल्या फाइलवर कुलूप धरून बसतो, नवा त्याच नावाच्या नव्या फाइलवर कुलूप लावतो, दोघांना वाटतं आपण एकटेच. मग दोन बॅकअप एकाच वेळी एकाच ठिकाणी लिहितात.

याच घरातलं दुसरं दुखणं: एसएसएचवरून दूरच्या मशीनवर प्रोग्राम & लावून सोडला आणि सेशन सुटतच नाही. सोडलेल्या प्रोग्रामने आउटपुट आणि एरर धरून ठेवलेत. तिन्ही डिस्क्रिप्टर वळवा: </डेव्ह/नल >/डेव्ह/नल २>&१. नुसतं नोहप लावून भागत नाही. टर्मिनल असेल तर नोहप आउटपुट फाइलकडे वळवतं, पण इथे आउटपुट आधीच पाइप किंवा सॉकेट असतं, त्याला ते हात लावत नाही.

पाइपही याच नियमाने अडकतो. वाचणाऱ्याला शेवट तेव्हाच कळतो जेव्हा लिहिण्याच्या बाजूचा शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होतो. तो पालकात उघडा राहिला, दुसऱ्या मुलाकडे गेला, किंवा वाचणाऱ्याने स्वतःकडेच लिहिण्याची बाजू बंद करायची विसरली, की तो बसला अनंतकाळ. फोर्कनंतर दोन्ही बाजूंनी नको असलेलं टोक बंद झालंय का, एवढंच कोडमध्ये बघायचं.

तपासणी ४: डिलीट केलेली पण जिवंत फाइल

सुडो एलएसओएफ +एल१ लावा. डिलीट झालेल्या पण कोणीतरी उघड्या ठेवलेल्या फाइल दिसतात, आकारासकट. फाइलचं नाव पुसलं जातं, जागा मात्र शेवटचा डिस्क्रिप्टर बंद झाल्यावरच सुटते.

प्रोग्राम रीस्टार्ट करता येत असेल तर करा, विषय संपला. ऐन गळीत हंगामात, गेटवर ट्रॅक्टरची रांग असताना ते शक्य नसेल तर /प्रॉक/पीआयडी/एफडी/ मधल्या त्या आकड्यावर रूटने ट्रंकेट -एस ० चालवा. फाइल रिकामी होते, प्रोग्राम चालू राहतो. पण आधी एफडीइन्फोमध्ये ओ_अपेंड आहे ना ते बघा. x८६ (नेहमीच्या इंटेल-एएमडी) मशीनवर फ्लॅग्जच्या ओळीत उजवीकडून चौथा अंक २, ३, ६ किंवा ७ असेल तर आहे. नसेल तर प्रोग्राम जुन्या ऑफसेटवरूनच लिहीत राहतो, पुढे भोकाची (स्पार्स) फाइल तयार होते, म्हणजे सुरुवातीचा भाग नुसता पोकळ, आणि एलएसओएफमध्ये आकार पुन्हा पहिल्याएवढा दिसतो. जागा सुटलेली असते, फक्त आकडा फसवतो. आणि हे लॉगसाठीच. डेटाबेसच्या फाइलवर ट्रंकेट चालवणं म्हणजे डेटा पुसणं.

तपासणी ५: क्लोज-ऑन-एक्झेक

इथून पुढे कोड लागतो. एफडीइन्फोमधल्या त्याच फ्लॅग्जच्या ओळीत x८६ वर ०२०००००० हा बिट क्लोज-ऑन-एक्झेकचा. ०२१०२००२ मध्ये तो आहे, ०१०२००२ मध्ये नाही. ऐकणाऱ्या सॉकेटवर तो नसेल तर तपासणी १ मधला आजार कधी ना कधी होणारच.

दुरुस्ती उघडतानाच करायची: ओपनला ओ_क्लोएक्झेक, सॉकेटला सॉक_क्लोएक्झेक, अॅक्सेप्टऐवजी अॅक्सेप्ट४, पाइपऐवजी पाइप२. आधी उघडून मग एफसीएनटीएलने फ्लॅग लावणं एका धाग्याच्या (थ्रेडच्या) प्रोग्रामात चालतं. अनेक धागे असतील तर त्या दोन ओळींच्या मधेच दुसरा धागा फोर्क करून मोकळा होतो. हा बिघाड महिन्यातून एकदा येतो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. लिनक्समध्ये ओ_क्लोएक्झेक २.६.२३ पासून, म्हणजे २००७ पासून आहे. टाळायला कारण उरलेलं नाही. एक खाच लक्षात असू द्या: डुप२ ने केलेल्या नकलेवर हा फ्लॅग राहत नाही. हवा असेल तर डुप३.

पायथनमध्ये ३.४ पासून नवे डिस्क्रिप्टर मुळातच वारशाने जात नाहीत. त्यामुळे तिथे तक्रार उलटी येते: मुलाला फाइल द्यायची आहे आणि त्याला ‘बॅड फाइल डिस्क्रिप्टर’ मिळतं. सबप्रोसेसला पास_एफडीज मध्ये तो आकडा द्या.

तपासणी ६: मुद्दाम दिलेला डिस्क्रिप्टर पोचत नाही

नातं नसलेल्या दोन प्रोग्रामांत उघडी फाइल द्यायचा रस्ता म्हणजे युनिक्स सॉकेटवरचा एससीएम_राइट्स संदेश. ही सोय १९८३ च्या ४.२ बीएसडीपासूनची. चुका मात्र आजही त्याच त्याच होतात, आणि त्या या क्रमाने तपासाव्या.

आकडा पाठवलाय की डिस्क्रिप्टर? ‘माझा ७ नंबर वापर’ असं मजकुरात लिहून पाठवणं निरर्थक आहे. घेणाऱ्याच्या तक्त्यात ७ नसेल किंवा वेगळाच असेल. भलती फाइल वाचली जाण्याचं कारण बहुधा हेच. खरा डिस्क्रिप्टर सेंडमेसेजच्या जोडसंदेशात (अॅन्सिलरी डेटात) जातो आणि घेणाऱ्याकडे कर्नल नवा आकडा देतो. मिळालेला आकडा वेगळा आहे म्हणून घाबरू नका, तो तसाच असायला हवा.

सोबत निदान एक बाइट खरा डेटा आहे का? लिनक्सवर स्ट्रीम सॉकेटमध्ये नुसता जोडसंदेश जात नाही.

घेणारा रीसीव्हमेसेजच वापरतोय ना? साध्या रीडने बाइट येतो, डिस्क्रिप्टर मात्र कर्नल टाकून देतो. एररही येत नाही. वरून बफरिंग करणारी लायब्ररी बसवली असेल तर ती आत रीडच करत असते, हे विसरलं जातं.

परतीच्या फ्लॅगमध्ये एमएसजी_सीट्रंक आहे का? म्हणजे जोडसंदेशाचा बफर लहान पडला आणि उरलेले डिस्क्रिप्टर गेले. बफरचा आकार सीमेसेज_स्पेसने काढा, हाताने बेरीज करू नका. बफर पुरेसा असूनही हा फ्लॅग येत असेल तर घेणाऱ्याची उघड्या फाइलची मर्यादा भरली आहे: यूलिमिट -एन बघा, बहुतेक ठिकाणी ती १०२४ असते, आणि /प्रॉक/पीआयडी/एफडीमधल्या नोंदी मोजा. हजाराच्या आसपास असतील तर मर्यादा वाढवण्याआधी गळती शोधा. आलेले डिस्क्रिप्टर काम झाल्यावर कोणी बंदच करत नसतं.

एका संदेशात लिनक्स जास्तीत जास्त २५३ डिस्क्रिप्टर घेतं. घेताना एमएसजी_सीमेसेज_क्लोएक्झेक द्या, नाहीतर तपासणी ५ पुन्हा पहिल्यापासून. पाठवणाऱ्याने पाठवून झाल्यावर लगेच क्लोज केलं तरी चालतं. वाटेतल्या डिस्क्रिप्टरला कर्नल सांभाळतं. पायथन ३.९ पासून सॉकेट मॉड्यूलमध्ये सेंड_एफडीज आणि रीसीव्ह_एफडीज आहेत, ते वापरले की यातल्या निम्म्या चुका होतच नाहीत.

परवानगीबद्दल एक गोष्ट: घेणाऱ्याला त्या फाइलवर परवानगी असायची गरज नाही. वाचायला उघडलेली फाइल त्याला वाचताच येते, कारण तपास उघडताना होऊन गेलेला असतो. म्हणून कोणाच्या हातात काय देताय ते बघून द्या, आणि लागत असेल तेवढंच, फक्त वाचायला उघडून द्या.

सिस्टिमडीने दिलेलं सॉकेट मिळत नसेल तर कारण वेगळं असतं. डिस्क्रिप्टर ३ पासून सुरू होतात, लिसन_एफडीएस मध्ये संख्या आणि लिसन_पीआयडी मध्ये कोणासाठी ते लिहिलेलं असतं. मधे शेल स्क्रिप्ट घातली की पीआयडी स्क्रिप्टचा राहतो आणि खरा प्रोग्राम ‘माझ्यासाठी काही नाही’ म्हणतो. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीआधी एक्झेक लावा.

तपासणी ७: काट्याचा सिरियल पोर्ट

इथे सल्ला स्पष्ट आहे: सिरियल पोर्टचा डिस्क्रिप्टर दोन वाचकांत वाटू नका. ना वारशाने, ना सॉकेटवरून, ना वेगळा उघडून. साधी फाइल वेगळी उघडली तर निदान ऑफसेट वेगळा असतो. सिरियल पोर्टला आलेल्या अक्षरांची रांग एकच असते, आणि ज्याने आधी रीड केलं त्याला ती अक्षरं मिळतात. पोर्ट रॉ मोडमध्ये (ओळ पूर्ण होण्याची वाट न बघता) असेल तर तोडणी कुठेही होते. १८४६० मधला ६ डिस्प्लेवाल्या प्रोग्रामने उचलला की पावतीला १८४० उरतो. १६ टनांहून जास्त फरक, आणि एररचा मागमूस नाही.

बॉड रेटही (डेटा पाठवायचा वेग) पोर्टचा असतो, डिस्क्रिप्टरचा नाही. एका प्रोग्रामने ९६०० चा २४०० केला की दुसऱ्याला कचरा यायला लागतो. एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाययूएसबी० ने सध्याचा रेट दिसतो.

दुरुस्ती: पोर्ट एकाच प्रोग्रामने उघडायचा, टीआयओसीईएक्ससीएल लावून, म्हणजे रूट सोडून दुसऱ्याला उघडताच येणार नाही. त्याने पूर्ण ओळ वाचायची, लांबी आणि सुरुवात-शेवटाची खूण तपासायची, आणि मगच ती ओळ युनिक्स सॉकेटवरून पावती, डिस्प्ले, जो मागेल त्याला पाठवायची. वाटायची ती तपासलेली ओळ.

लाइटचा प्रकारही इथलाच. लाइट जाते, इन्व्हर्टरवर उडी मारताना यूएसबी हब क्षणभर मरतो, केबल नव्याने जोडली जाते. जुन्या टीटीवाययूएसबी० चा डिस्क्रिप्टर एखाद्या प्रोग्रामने धरलेला असेल तर तो क्रमांक मोकळा होत नाही, म्हणून नवी जोडणी १ नंबरवर येते. प्रोग्राम मेलेल्या ० वर रीड करतो, शून्य बाइट मिळतात, आणि तो ‘वजन नाही’ समजून बसतो. दोन गोष्टी करा. पत्ता /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी/ मधला वापरा, तो केबलप्रमाणे ठरतो. आणि रीडने अनपेक्षित शून्य किंवा ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) दिलं की क्लोज करून, दोन सेकंद थांबून पुन्हा उघडायचं, असं प्रोग्राममध्ये लिहा. हबला यूपीएसचा आउटलेट देणं हा तिसरा आणि बहुधा सगळ्यात स्वस्त इलाज.

तपासणी ८: अचानक ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’

ही एरर ओ_नॉनब्लॉकमुळे येते, आणि तो फ्लॅग कर्नलमधल्या नोंदीवर असतो. टर्मिनलचा इनपुट, आउटपुट आणि एरर बहुतेक वेळा एकाच नोंदीच्या नकला असतात. एका प्रोग्रामने इनपुट नॉन-ब्लॉकिंग केला की शेजारच्याचा आउटपुटही तसाच होतो. वारशाने आलेल्या ०, १, २ वर हा फ्लॅग लावूच नका. लावला तर बाहेर पडताना काढा. बघायचं कुठे, तर एफडीइन्फोमध्ये, बिट ०४०००.

तपासणी ९: एसट्रेस, आणि त्याच्या मर्यादा

वरचं सगळं करूनही हाती काही लागलं नाही तर एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी दाखवणारी कमांड) -एफ -वाय. -एफ मुलांनाही धरतं, -वाय प्रत्येक आकड्याशेजारी फाइलचा पत्ता दाखवतं. कोणता फोर्क कोणता डिस्क्रिप्टर घेऊन गेला ते ओळीओळीने दिसतं. प्रोग्राम बराच मंदावतो, म्हणून कामाच्या वेळेत लावू नका.

ईपोल (अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम लक्ष ठेवायची सोय) वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये एक विचित्र प्रकार दिसेल: डिस्क्रिप्टर बंद केला, तरी त्याच्याच घटना येत राहतात आणि सीपीयू १०० टक्के. ईपोलची नोंदणीही कर्नलमधल्या उघड्या फाइलला चिकटलेली असते, आणि तिची नक्कल मुलाकडे जिवंत आहे. क्लोजच्या आधी ईपोल_सीटीएल_डेल करा.

लिनक्स ५.६ पासून पीआयडीएफडी_गेटएफडीने दुसऱ्या प्रोसेसचा डिस्क्रिप्टर तिच्या सहकार्याशिवाय उचलता येतो. त्यासाठी डीबगरएवढी परवानगी लागते. ईपर्म (परवानगी नाकारल्याची एरर) आलं तर ती नाही. रोजच्या कामाचा रस्ता म्हणून तो बांधू नका, तपासापुरता ठीक आहे.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पावतीचं वजन एकदा जरी चुकलेलं सापडलं तर त्या मशीनवरून पावत्या देणं लगेच थांबवा. प्रयोग करत करत वजनं चालू ठेवणं म्हणजे शेतकऱ्याच्या पैशांवर चाचणी घेणं. सॉफ्टवेअर देणाऱ्याला बोलवा, तोपर्यंत इंडिकेटरवरचा आकडा बघून हाताने नोंद ठेवा.

दोष इंडिकेटरमध्ये किंवा त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये वाटत असेल तर त्याचं सील तोडू नका. ते वैध मापन शास्त्र विभागाचं आहे, तोडलं की काटा पुन्हा पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो. हे काम काट्याच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याचंच.

डेटाबेसच्या फाइल किंवा तिचं कुलूप अडकलं असेल तर डीबगर जोडून चालू प्रोसेसमधला डिस्क्रिप्टर जबरदस्तीने बंद करू नका. तोच आकडा पुढच्या क्षणी दुसऱ्या फाइलला मिळतो आणि प्रोग्राम डेटा तिथे लिहितो.

प्रोसेस पीएसमध्ये डी अवस्थेत (कर्नलमध्ये अडकून वाट बघत) असेल आणि किल -९ लाही दाद देत नसेल तर दोष डिस्कचा, एनएफएसचा (नेटवर्कवरच्या डिस्कचा) किंवा ड्रायव्हरचा आहे. डिस्क्रिप्टर शोधून उपयोग नाही.

बोलवण्याआधी आणि मशीन रीस्टार्ट करण्याआधी चार आउटपुट फाइलमध्ये साठवा: एलएसओएफची पूर्ण यादी, एसएस -टीएएनपी, पीएस -ईएफ --फॉरेस्ट आणि डीमेसेज. सगळे सुडोने. रीस्टार्टमध्ये पहिले तीन कायमचे जातात, आणि येणाऱ्या माणसाला बिघाड पुन्हा होईपर्यंत वाट बघत बसावं लागतं.